बाप फुटबॉलपटू, आई भारतीय, मूल कोणत्या देशाकडून खेळणार? पात्रतेची कागदपत्रं, पायरी-पायरीने

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नायजेरियाचा. गोव्यातल्या क्लबांकडून तो बरीच वर्षं फुटबॉल खेळला, पोटापाण्याचा धंदाच तो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मडगावात जन्मला. अंडर-१५ च्या ट्रायल्सच्या वेळी कोणीतरी विचारलं, "हा भारताकडून खेळू शकतो का?" घरात चार जणांनी चार उत्तरं दिली. मग सरकारी कागदांची सवय असलेला माणूस म्हणून ते काम मामाच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय. मी वकील नाही. शेवटचा शब्द फुटबॉल फेडरेशनचा आणि नागरिकत्वाच्या कायद्याचा. पण कोणत्या दारात काय विचारायचं एवढं आधी माहीत असलं तरी निम्मी दमछाक वाचते.

हे तीन प्रकारच्या घरांना उपयोगी पडेल: आईवडिलांपैकी एक जण परदेशी खेळाडू असलेलं घर, वडिलांच्या कराराच्या निमित्ताने मूल तिसऱ्याच देशात जन्मलं असं घर, आणि मुलं बाहेर वाढलेली पण "खेळला तर भारताकडूनच" अशी हौस असलेलं मराठी घर.

सुरुवातीलाच एक गोष्ट. बापाने कोणत्या देशाची जर्सी घातली, याला मुलाच्या पात्रतेत काडीचीही किंमत नाही. फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमात "माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूचा मुलगा" असा रकानाच नाही. जॉर्ज वेआ लायबेरियाचा महान खेळाडू, पुढे राष्ट्राध्यक्षही झाला. त्याचा मुलगा टिमथी न्यूयॉर्कमध्ये जन्मला आणि अमेरिकेकडून २०२२ चा विश्वचषक खेळला, वेल्सविरुद्ध गोलही केला. बापाला विश्वचषक कधी खेळायला मिळाला नाही. आडनाव तेच, कागद वेगळे.

१. तीन प्रश्न वेगळे करा

घरातली सगळी भांडणं या तीन प्रश्नांची सरमिसळ झाल्याने होतात.

पहिला: मुलाकडे त्या देशाचं नागरिकत्व आज आहे का? "मिळू शकतं" आणि "आहे" यात फिफा काटेकोर फरक करते. जन्मतः आपोआप मिळालेलं चालतं, रीतसर अर्ज करून घेतलेलंही चालतं. अर्ज अजून टेबलावर असेल तर ते नागरिकत्व धरलं जात नाही. शिवाय ते कायमचं हवं, तिथे राहण्याच्या परवान्यावर टिकणारं चालत नाही.

दुसरा: नागरिकत्व नंतर घेतलेलं असेल, तर त्या देशाशी रक्ताचं किंवा राहण्याचं नातं आहे का?

तिसरा: मूल याआधी दुसऱ्या देशाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलंय का?

वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक संभाव्य देशासाठी तिन्हींची उत्तरं लिहा. आमच्याकडे दोनच देश होते, तरी पानभर मजकूर झाला.

२. जन्माच्या दिवशी काय मिळालं ते शोधा

व्यावसायिक खेळाडू करार असेल तिथे राहतो, त्यामुळे त्याची मुलं कुठेही जन्मतात. अर्लिंग हालांड इंग्लंडमधल्या लीड्सचा, खेळतो नॉर्वेकडून. यानिस हाजी इस्तंबूलला जन्मला, कारण बाप गेओर्गे हाजी तेव्हा तिथल्या गलातसराय क्लबकडे होता, खेळतो रुमानियाकडून. जिओ रेना सन्डरलंडचा, खेळतो अमेरिकेकडून. दिएगो सिमेओने तिथल्या लाझिओ क्लबकडे असताना धाकटा जुलियानो रोममध्ये झाला, तो अर्जेंटिनाचा. यादी लांबवता येईल. मुद्दा असा की जन्मगाव हा धागा आहे, पण प्रत्येक देशाचा कायदा त्या धाग्याला वेगळी किंमत देतो.

अमेरिकेत जन्मलं की नागरिकत्व मिळालं, परदेशी राजदूतांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडून. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील, अर्जेंटिनासारख्या देशांतही जन्माला असंच वजन आहे.

इंग्लंडबद्दल लोकांचा हमखास गोंधळ होतो. १९८३ पासून तिथे नुसत्या जन्माने काही मिळत नाही. आईवडिलांपैकी एक जण त्या दिवशी ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. दोन वर्षांच्या करारावर गेलेल्या खेळाडूचं मूल यात सहसा बसत नाही.

फ्रान्समध्ये परदेशी आईवडिलांच्या मुलाला साधारणपणे अठराव्या वर्षी नागरिकत्व मिळतं, तेही अकराव्या वर्षानंतर तिथे एकूण पाच वर्षं काढली असतील तर. त्याआधी मागता येतं, पण मागावं लागतं. इटलीत जन्मापासून अठरापर्यंत सलग राहिलेल्यालाच तशी मुभा आहे. स्पेनमध्ये जन्मलेल्या परदेशी मुलाला एक वर्षाच्या कायदेशीर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. बाहेरून आलेल्यांना हीच अट दहा वर्षांची, लॅटिन अमेरिकन देशांच्या नागरिकांना दोन वर्षांची.

मग आईवडिलांकडून काय येतं ते पाहा. इथे एक बारीक सापळा आहे. मूल जन्मलं त्या दिवशी बापाचं नागरिकत्व कोणतं होतं, हे महत्त्वाचं. खेळाडू कारकिर्दीच्या मध्यावर नवं नागरिकत्व घेतात. थोरलं मूल त्याआधीचं आणि धाकटं नंतरचं असेल, तर दोघांचे कागद सारखे नसतील. एकाच घरातले भाऊ दोन देशांकडून खेळतात ते काही वेळा कागदामुळे, काही वेळा निव्वळ आवडीने. माझिन्यो १९९४ चा विश्वविजेता ब्राझीलियन. थोरला थियागो इटलीत जन्मला, स्पेनमध्ये वाढला आणि स्पेनकडून खेळला. धाकटा राफिन्या स्पेनच्या ज्युनियर संघांतून खेळून पुढे ब्राझीलचा झाला आणि २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला.

आमच्या भाच्याचं नायजेरियाकडून सोपं निघालं. तिथल्या १९९९ च्या घटनेनुसार आईवडिलांपैकी एक जण नायजेरियन असेल, तर मूल परदेशात जन्मलं तरी जन्मतः नायजेरियन. घोळ भारताच्या बाजूला होता.

३. भारताचं गणित नीट समजून घ्या

इथे थोडं थांबून वाचा, कारण फिफाच्या नियमांपेक्षा आपलेच नियम कडक आहेत.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर "सिटिझन" असं छापलेलं असतं, पण तो व्हिसाचाच एक प्रकार समजा. २००८ पासून केंद्र सरकारचं धोरण आहे की देशाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा. ओसीआयवाल्याला क्लबकडून खेळता येतं, भारताकडून नाही.

*मूल भारतात जन्मलं असेल तर.* ३ डिसेंबर २००४ पासूनचा नियम असा: दोघंही भारतीय असतील, किंवा एक भारतीय असेल आणि दुसरा त्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसेल, तर मूल जन्मतः भारतीय. दोघंही परदेशी असतील तर इथे जन्मूनही काही मिळत नाही. परदेशी खेळाडू सपत्नीक राहायला आला आणि मूल पणजीत झालं, तर ते मूल आईवडिलांच्याच देशाचं.

"बेकायदा स्थलांतरित नसेल" हे शब्द वाचताना आपण पुढे सरकतो. पासपोर्टच्या काउंटरवर गाडी तिथेच अडते. जन्माच्या दिवशी बापाचा व्हिसा चालू होता, हे तुम्ही दाखवायचं असतं. खेळाडूंचे व्हिसा हंगामाच्या कराराला बांधलेले असतात. एक क्लब सुटला, दुसऱ्याशी बोलणी चालू आहेत, आणि मधल्या दोन महिन्यांत मूल जन्मतं. मेहुण्याचा जुना पासपोर्ट भरला म्हणून नवा काढलेला, आणि एम्प्लॉयमेंट व्हिसा जुन्यावर. त्या पानावरचा शिक्का इतका पुसट की तारखेतला ३ आहे की ८, हे उजेडात तिरकं धरून बघावं लागे. ज्या क्लबाचं पत्र आणायचं तो क्लब तोवर बंद पडलेला. शेवटी एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, नोंदणीचा जुना कागद सापडला आणि तारीख सिद्ध झाली. म्हणून सांगतो, परदेशी खेळाडूचा रद्द झालेला पासपोर्ट रद्दीत जाऊ देऊ नका. त्यातली व्हिसाची पानं रंगीत स्कॅन करा, मूल जन्मलं त्याच आठवड्यात.

*मूल परदेशात जन्मलं असेल तर.* आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल तर वंशाने नागरिकत्व मिळू शकतं, पण आपोआप नाही. एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करायची, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अशा मुलाकडे दुसरंही नागरिकत्व असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावं लागतं. नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं.

अमेरिकेतली आपली बहुतेक घरं बाळ तान्हं असतानाच अमेरिकन पासपोर्ट काढतात, सुट्टीला आजी-आजोबांकडे यायचं असतं म्हणून. त्यात वावगं काही नाही. फक्त त्या दिवशी वंशाने भारतीय होण्याचं दार जवळपास लागतं, हे डोक्यात असू द्या. नंतरचा रस्ता लांबचा. मूल अल्पवयीन आणि आईवडील अजून भारतीय नागरिक असतील, तर अल्पवयीनाच्या नोंदणीचं कलम आहे. सज्ञान झाल्यावर, स्वतः किंवा आईवडिलांपैकी कोणी पूर्वी स्वतंत्र भारताचं नागरिक असेल, किंवा पाच वर्षं ओसीआय असेल, तर अर्जाआधी बारा महिने भारतात राहून नोंदणी मागता येते. आणि परकं नागरिकत्व सोडावंच लागतं.

हे करून दाखवलेली माणसं आहेत. अराता इझुमी जपानमध्ये वाढला, वडील भारतीय. पुणे एफसीकडून खेळत असताना त्याने जपानी नागरिकत्व सोडलं, २०१२ मध्ये भारतीय झाला आणि पुढच्या वर्षी देशाकडून उतरला. रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या आईचा जन्म मुंबईचा आणि आजोबा १९५० च्या दशकात बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. बेंगळुरू एफसीच्या या खेळाडूने २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला. त्याचं पुढचं पाचव्या पायरीत सांगतो.

*गोवेकरांसाठी वेगळा परिच्छेद.* १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्म नोंदवून तिथलं नागरिकत्व घेता येतं. युरोपातल्या अकादमीत जायला सोपं म्हणून पोराचा पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा मोह होतो. काढा, पण भारताची जर्सी तिथेच संपते हे ठरवून काढा. नुसती नोंद केली आणि पासपोर्ट काढला नाही तरी भारतीय नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात मोठे वाद झालेत. या विषयात चहाच्या टपरीवरचा सल्ला घेऊ नका, नागरिकत्वाचं काम करणारा वकील गाठा.

आमच्या बाबतीत निर्णय असा झाला: भाच्याचा नायजेरियन पासपोर्ट काढायचा नाही. तिथली घटना त्याला जन्मतः नायजेरियन मानते, ते मानू दे. भारतीय पासपोर्ट मात्र एकच आणि पहिला.

४. नागरिकत्व नंतर घेतलं असेल, तर नातं दाखवा

जन्मतः नागरिक असाल तर ही पायरी सोडून द्या.

नवं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला फिफा चारपैकी एक गोष्ट मागते: स्वतःचा जन्म त्या भूमीवरचा, किंवा सख्ख्या आई-बापापैकी एकाचा, किंवा सख्ख्या आजी-आजोबांपैकी एकाचा, किंवा तिथलं वास्तव्य. "सख्ख्या" हा शब्द नियमातला आहे. दत्तक किंवा सावत्र नातं यात धरत नाहीत.

वास्तव्याचा हिशेब वयावर. दहा वर्षांच्या आत राहायला आलेल्याला किमान तीन वर्षं, दहानंतर आलेल्याला किमान पाच. दहा ते अठरा या वयात आलेल्या मुलाबाबत, ते राष्ट्रीय संघात शिरायला म्हणून आलेलं नाही, हेही पटवून द्यावं लागतं. खेळाडूच्या मुलांना हे तसं सोपं, कारण आलं कुटुंब, तेही बापाच्या करारापायी. फक्त तो करार जपलेला हवा.

एक वर्ष "राहिलो" म्हणायला बारा महिन्यांत किमान १८३ दिवस प्रत्यक्ष तिथे असावं लागतं. सुट्टी, दवाखाना, सामन्यांचे दौरे यांनी वास्तव्य तुटत नाही. मधेच दुसऱ्या देशातल्या क्लबात गेलात तर घड्याळ थांबतं. शाळेचा हजेरीचा दाखला इथे सोन्याच्या मोलाचा.

५. आधी खेळलेला सामना तपासा

सगळ्यात जास्त अफवा या पायरीवर.

ठाम नियम: एका देशाकडून अधिकृत स्पर्धेत मैदानावर उतरलात, एका मिनिटासाठी का होईना, की त्या देशाशी बांधले गेलात. ज्युनियर संघ, फुटसाल (पाच-पाच जणांचं इनडोअर फुटबॉल), सगळं यात आलं. अधिकृत म्हणजे फिफाने किंवा आशिया, युरोपसारख्या खंडाच्या महासंघाने भरवलेली; पात्रता फेऱ्याही त्यातच. फ्रेंडली सामन्याने कोणी बांधलं जात नाही. कॅम्पला जाऊन आल्याने किंवा बाकावर बसल्यानेही नाही.

रोनाल्डोचा थोरला मुलगा अमेरिकेत जन्मलेला. मे २०२५ मध्ये तो पोर्तुगालच्या अंडर-१५ कडून क्रोएशियातल्या एका निमंत्रितांच्या स्पर्धेत उतरला, तेव्हा आमच्या ग्रुपवर "आता तो कायमचा पोर्तुगालचा" असं बरंच लिहिलं गेलं. तसं नसतं. ती स्पर्धा यजमान फेडरेशनची.

बांधलं गेल्यावरही एकदा बदल मागता येतो. एकदाच. ढोबळमानाने तीन वाटा:

पहिली. फक्त ज्युनियर पातळीवर खेळलात, आणि पहिल्या अधिकृत सामन्याच्या दिवशी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व तुमच्याकडे होतंच. ही सरळ वाट. झिनेदिन झिदानचा मुलगा लुका फ्रान्सच्या ज्युनियर संघांचा गोलरक्षक होता; आजी-आजोबा अल्जेरियाचे. २०२५ मध्ये तो फिफाच्या मंजुरीने अल्जेरियाचा झाला.

दुसरी. ज्युनियरच खेळलात, पण त्या दिवशी दुसरं नागरिकत्व नव्हतं. मग जुन्या देशाकडून शेवटचा सामना एकविसाव्या वाढदिवसाआधीचा हवा, आणि चौथ्या पायरीतलं नातंही दाखवावं लागतं.

तिसरी. सीनियर संघाकडून अधिकृत सामना खेळलात. २०२० पर्यंत हे दार बंदच होतं. आता किलकिलं आहे: दुसरं नागरिकत्व पहिल्या अधिकृत सामन्याआधीपासून असलं पाहिजे, सीनियर सामने फ्रेंडली धरून तीनपेक्षा जास्त नकोत, शेवटचा सामना एकवीस पूर्ण व्हायच्या आतला, त्याला तीन वर्षं उलटलेली, आणि विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत (पात्रता फेरी सोडून) सीनियर म्हणून उतरलेलं नसावं. मुनीर एल हद्दादी २०१४ मध्ये स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध जेमतेम पंधरा मिनिटं खेळला होता, आणि तेवढ्यावर मोरोक्कोसाठी त्याला २०२१ उजाडावं लागलं.

अर्ज केला आणि निकाल यायचा आहे, त्या काळात खेळाडू दोन्हीकडचा नसतो. रायन विल्यम्स भारतीय पासपोर्ट घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाबरोबर ढाक्याला गेला, पण बांगलादेशविरुद्ध उतरू शकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनची एनओसी यायची होती. पासपोर्ट हातात आहे म्हणून तिकीट काढलं, असं होत नाही.

आमच्या बाबतीत याचा अर्थ काय? भाचा उद्या भारताच्या अंडर-१७ कडून आशियाई पात्रता फेरी खेळला, तरी पहिल्या वाटेने नायजेरियाचं दार पुरतं बंद होणार नाही, कारण ते नागरिकत्व जन्मापासूनचं. पण तिकडे गेला तर भारतीय पासपोर्ट सोडूनच. आणि परतीचा रस्ता नाही असं समजून चालायचं.

६. फाइल तयार करा

प्लास्टिकची चाळीस कप्प्यांची फाइल घ्या. आम्ही घेतलेली:

- मुलाचा जन्मदाखला, मूळ, पूर्ण नावासह. नुसतं "बेबी ऑफ अमुक" असेल तर आधी नाव चढवून घ्या.
- आईचा आणि बापाचा जन्मदाखला.
- लागू असेल तर ज्या आजी-आजोबांवरून पात्रता मागताय त्यांचा जन्मदाखला. तो नसेल तर बाप्तिस्म्याची नोंद किंवा शाळा सोडल्याचा दाखला. चालेल की नाही ते फेडरेशनला आधी विचारा.
- आईवडिलांचा विवाह नोंदणी दाखला.
- सगळ्यांचे चालू आणि रद्द झालेले पासपोर्ट, व्हिसाच्या पानांसह.
- परदेशी पालकाची एफआरआरओ नोंदणी.
- बापाचे क्लबबरोबरचे करार. क्लब चालू आहे तोवर लेटरहेडवर एक पत्र घेऊन ठेवा.
- मुलाच्या शाळांचे दाखले, वर्षवार.
- आजवर खेळलेल्या प्रत्येक राष्ट्रीय सामन्याची तारीख, स्पर्धा आणि प्रतिस्पर्धी. फ्रेंडलीही लिहा.
- मुलाचं स्वतःच्या सहीचं निवेदन: मला अमुक देशाकडून खेळायचं आहे. बदलाच्या अर्जात हे लागतंच.

नावांकडे लक्ष द्या. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मेहुण्याच्या पासपोर्टावर आडनाव आधी. दवाखान्याच्या चिठ्ठीवर ते तसंच उतरलं, जन्मदाखल्यावर त्याचं पहिलं नाव पोराचं आडनाव बनलं, आणि बहिणीच्या पासपोर्टावर तिचं माहेरचं आडनाव. तीन कागद, तीन घराणी! "ही सर्व नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, पासपोर्टला आणि फिफाला मूळ दाखलाच दुरुस्त केलेला बरा. मूल शाळेत जायच्या आधी केलीत तर एक दुरुस्ती पुरते. नंतर शाळा, आधार, क्लबचं रजिस्ट्रेशन, सगळीकडे फिरावं लागतं.

मराठीतला किंवा पोर्तुगीजमधला दाखला असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडा. परदेशात वापरायच्या भारतीय कागदांना आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, लागू शकतं. समोरचा देश अपोस्टिल मानत नसेल तर त्याच्या वकिलातीचा शिक्का.

७. अर्ज तुम्ही करायचा नसतो

फिफाला पालकाने लिहिलेलं पत्र कुठेही पोचत नाही. पात्रतेचा आणि बदलाचा अर्ज ज्या देशाकडून खेळायचं त्याची फेडरेशन करते, फिफाच्या ऑनलाइन पोर्टलवरून. भारताच्या बाबतीत ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. तुम्ही फाइल जिल्हा किंवा राज्य असोसिएशनमार्फत, नाहीतर क्लबमार्फत तिथवर पोचवायची.

इथे एजंट भेटतात. "फिफात ओळख आहे, क्लिअरन्स काढून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. त्याला त्या पोर्टलवर जागाच नाही.

क्लबचं रजिस्ट्रेशन ही वेगळी बाब आहे, दोन्ही एकत्र करू नका. दहा वर्षांपुढच्या मुलाला देश बदलून क्लब बदलायचा तर आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरचा दाखला लागतो, आणि अठराखालच्यांच्या अशा बदलाला मुळात बंदी आहे, ठराविक अपवाद सोडून. पात्रता असूनही क्लबमध्ये नाव लागत नाही, असं होऊ शकतं.

८. वयाची तयारी

फेडरेशन ज्युनियर गटांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढते. अंडर-१७ विश्वचषकात फिफा मनगटाचं एमआरआय करते. दाखला खरा असूनही मूल लवकर वाढीला लागलं असेल तर अडचण येते. आपला भाचा वर्गातल्या पोरांपेक्षा वीतभर उंच, आणि बाप आफ्रिकन. संशयाने बघणारे भेटले, तोंडावर बोलणारेही भेटले. वाद घालत बसू नका. जन्मनोंद वेळेवर झालेली असेल तर दाखल्यावरची नोंदणीची तारीख बोट ठेवून दाखवा. जन्मानंतर आठ-दहा वर्षांनी काढलेला दाखला संशय वाढवतो.

९. बोलावणं आलं की

पत्र फेडरेशनकडून क्लबकडे येतं. ते ट्रायल्सचं आहे, कॅम्पचं आहे, फ्रेंडलीचं आहे की अधिकृत स्पर्धेचं, हे आधी वाचा. पहिल्या तिन्हींना बिनधास्त पाठवा. चौथं असेल आणि मुलापुढे दोन देश खुले असतील, तर निर्णय त्या आठवड्यात घ्यायचा, सामन्यानंतर नाही. गोन्झालो इग्वाइनचं उदाहरण इथे आठवतं. बाप ब्रेस्टमध्ये खेळत असताना तो फ्रान्समध्ये जन्मला, दहा महिन्यांचा असताना अर्जेंटिनाला गेला. फ्रेंच पासपोर्ट असल्याने २००६ मध्ये फ्रान्सने बोलावलं. तो नको म्हणाला, अर्जेंटिनाचे कागद करून घेतले आणि २००९ मध्ये त्यांच्याकडून उतरला. याउलट दाविद त्रेझेगे, तोही अर्जेंटिनाच्या खेळाडूचाच मुलगा, रूआँमध्ये जन्मला, अर्जेंटिनात वाढला, आणि १९९८ चा विश्वचषक फ्रान्सकडून जिंकला.

मुलाला विचारा. पंधरा वर्षांच्या पोराचं मत घरात कोणी विचारत नाही, आणि निवेदनावर सही मात्र त्याचीच लागते.

कॅम्पला जाताना पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे का ते बघा. अल्पवयीनाचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचा असतो, आणि नूतनीकरणाला परदेशी पालकाची संमती पुन्हा लागते. मेहुणा तेव्हा लागोसला होता, त्याची नोटरी केलेली संमती कुरियरने यायची होती. त्याची एक जादा प्रत आता फाइलच्या पहिल्या कप्प्यात आहे.